मेल्यावर दोन लाख; पण हात मोडला तर?

टेंभुर्णी आणि पंचक्रोशीतील शेतकरी, शेतमजूर, सालगडी, ड्रायव्हर बंधू-भगिनींनो,

अपघात विम्याची जादा पॉलिसी घ्यावी का, यावर गावात दोनच मते ऐकू येतात. एक म्हणतो, बँकेने वीस रुपये कापलेत, आणखी कशाला? दुसरा ओळखीच्या एजंटच्या शब्दाखातर वर्षाला हजारो रुपये भरतो आणि कागद न वाचता पेटीत टाकतो. दोघांनीही एक प्रश्न विचारलेला नाही: मी वाचलो, पण चार महिने कामाला हात लावता आला नाही, तर घर कशावर चालणार?

आधी हातात काय आहे ते बघा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना २०१५ साली १२ रुपयांत सुरू झाली, जून २०२२ पासून तिचा हप्ता २० रुपये आहे. १८ ते ७० वयाच्या खातेदाराचा अपघाती मृत्यू झाला किंवा दोन्ही डोळे, दोन्ही हात, दोन्ही पाय गेले तर २ लाख. एक डोळा, एक हात वा एक पाय कायमचा गेला तर १ लाख. वर्ष १ जूनला सुरू होते. मे महिनाअखेर खात्यात पैसे नसतील तर विमा बंद पडतो, आणि पेरणीच्या तोंडावर खाती रिकामीच असतात. पासबुकात ती वीस रुपयांची नोंद आहे का, आजच बघा. दोन बँकांत दोनदा कापले तरी रक्कम एकदाच मिळते.

सातबारा ज्याच्या नावावर आहे त्याला आणि त्याच्या घरातल्या, सातबाऱ्यावर नाव नसलेल्या एका माणसाला गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. वय १० ते ७५. विजेचा शॉक, सर्पदंश, विहिरीत बुडणे, फवारणीची विषबाधा, रस्त्यावरचा अपघात, सगळे त्यात येते. रक्कम तीच, २ लाख आणि १ लाख. अर्ज ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्याला जाफराबादला. पूर्वी ही योजना विमा कंपन्यांमार्फत चालत होती. कंपन्या त्रुटी काढून दावे अडवत आणि नाकारत, म्हणून एप्रिल २०२३ मध्ये सरकारने त्यांना बाजूला करून थेट अनुदान सुरू केले. ज्या कंपन्यांपुढे सरकार हरले, त्यांच्या कागदावर आपण न वाचता अंगठा उठवायचा का?

आता या दोन्ही योजनांत नसलेली गोष्ट बघा. कडबाकुट्टीत दोन बोटे गेली, मोटारसायकल घसरून मांडीचे हाड मोडले, झाडावरून पडून मणका दबला. माणूस जिवंत आहे, हातपाय जागेवर आहेत, पण हंगाम गेला. यापैकी कशालाच दोन्ही योजनांतून एक रुपया मिळत नाही. दवाखान्याच्या बिलाला महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा आधार मिळू शकतो. बुडालेल्या रोजाला कोणाचाच नाही. घरे कर्जात जातात ती याच महिन्यांत: आधी उसनवारी, मग दागिना, मग सावकार.

म्हणून आमचे स्पष्ट मत आहे. एका माणसाच्या कमाईवर चालणाऱ्या घराने जादा विमा जरूर घ्यावा, पण हीच पोकळी भरत असेल तरच. एप्रिल २०२१ पासून कंपन्यांना ‘सरल सुरक्षा विमा’ ही एकसारख्या अटींची पॉलिसी द्यावीच लागते. रक्कम अडीच लाखांपासून पुढे. बोट, कान, अंगठा गेल्यास किती टक्के मिळणार ते तिच्यात लिहिलेले असते. थोडा जादा हप्ता भरला तर ‘तात्पुरते पूर्ण अपंगत्व’ हे कलम जोडता येते: काम बंद असेपर्यंत, जास्तीत जास्त १०० आठवडे, दर आठवड्याला विमा रकमेच्या ०.२ टक्के. ५ लाखांच्या पॉलिसीवर आठवड्याला १,००० रुपये. फार नाहीत, पण किराणा आणतील. एजंटला पहिला प्रश्न हाच करा: हे कलम आहे का? नसेल तर मृत्यूचे कितीही मोठे आकडे दाखवले तरी सही करू नका. ‘पैसे परत मिळतील’ म्हणून बचत आणि विमा एकत्र बांधलेली पॉलिसी या कामाची नाही. तिचा हप्ता मोठा आणि संरक्षण तोकडे.

अर्जात धंदा खरा लिहा. मळणीयंत्रावर काम करणाऱ्याने ‘किराणा दुकान’ लिहिले तर क्लेम तिथेच अडकतो. दारू पिऊन गाडी चालवली तर कोणतीच कंपनी पैसे देणार नाही.

मोटारसायकलवाल्यांनो, लायसन असलेल्या मालक-चालकासाठी १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा कायद्याने सक्तीचा आहे. आपण पहिले वर्ष संपल्यावर तो सोडून देतो आणि दुसरीकडे महागडी पॉलिसी घेतो. आधी हा चालू करा.

आणि शेतमजूर? त्याच्या नावावर सातबारा नाही, म्हणून मुंडे योजनेत तो नाही. यंत्रात हात घालतो मात्र तोच. ट्रॅक्टर आणि विजेच्या यंत्रावर शेतात राबणाऱ्याच्या भरपाईची जबाबदारी १९२३ च्या कायद्यानेच मालकावर टाकली होती. तरीही मजुराला विम्याविना सोडणे अन्यायाचे आहे आणि ते आपल्या गावात आपणच सहन करत आलो आहोत. सालगडी ठेवणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याने साल ठरवतानाच त्याच्या अपघात विम्याचा हप्ता स्वतः भरावा. भूमिहीन मजुरांना मुंडे योजनेत घ्यावे, असा ठराव पुढच्या ग्रामसभेत आपण मांडू.

अपघात झालाच तर त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात नोंद करा. साप चावला, झाडावरून पडले, तर तोच कागद पुढे पुरावा ठरतो. कंपनीने क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा, कंपनीकडे तक्रार करा; महिनाभरात दाद लागली नाही तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जा. तिथे फी लागत नाही, वकील लागत नाही.

घरातल्या सगळ्या पॉलिसी आणि पासबुके घेऊन ग्रामसभेला या. तिथे बसून एकेक कागद वाचू.