घाटाची सहल, मुलांच्या मापाने

दिवाळीची सुट्टी जवळ आली, की मलकापुरातल्या घरांमध्ये सहलीचे बेत शिजू लागतात. गाव पुणे-बंगळूर महामार्गावर, कराडला खेटून आणि पश्चिमेला सह्याद्रीची रांग. सकाळी निघाले तर दुपारपर्यंत कोयनानगर, कास, ठोसेघर, पाचगणी, महाबळेश्वर यांपैकी कुठेही पोचता येते. नेमकी ही सोयच अडचणीची ठरते. सगळे जवळ आहे, म्हणून सगळे एकाच खेपेत उरकण्याचा मोह होतो. मग पाच जणांच्या गाडीत सात जण बसतात, दोन दिवसांत आठ ठिकाणे ठरतात, मुलांना पहाटे चारला उठवले जाते आणि घाटाच्या तिसऱ्या-चौथ्या वळणावर मागून आवाज येतो, ‘आई, मळमळतंय.’

सहल अशी बिघडली, की दोष मुलावर जातो. ‘याला गाडी लागतेच’ असे म्हणून मोठी माणसे मोकळी होतात. खरे तर बेत आखताना गाडीतल्या सर्वांत लहान प्रवाशाचा विचारच झालेला नसतो. ठिकाणे मोठ्यांच्या आवडीची, वेळापत्रक मोठ्यांच्या दमाचे आणि बसण्याची जागा उरेल ती. मुलांचे शरीर मात्र घाटात मोठ्यांपेक्षा वेगळे वागते आणि त्यामागची कारणे अगदी साधी आहेत.

गाडी लागणे हा पोटाचा आजार नाही, तो कान आणि डोळे यांच्यातला बेबनाव आहे. आतल्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा मेंदूला सांगत असते, की शरीर डावी-उजवीकडे झुकते आहे, वर-खाली होते आहे. डोळ्यांसमोर मात्र पुढच्या सीटची पाठ किंवा मोबाईलचा पडदा असतो आणि तो स्थिर दिसतो. या दोन उलटसुलट निरोपांतून मळमळ सुरू होते. दोन वर्षांखालील बाळांना हा त्रास सहसा होत नाही, शाळकरी वयात तो सर्वाधिक असतो आणि पुढे बहुतेकांचा आपोआप कमी होतो. मुलांना गप्प बसवण्यासाठी घाटात हातात दिलेला मोबाईल म्हणूनच उलटीला आमंत्रण ठरतो. मुलाला समोर दूरवर दिसेल असे बसवणे, काच थोडी खाली ठेवणे, निघण्याआधी तळलेले पोटभर खाऊ न घालता आणि अगदी उपाशीही न ठेवता हलके काही देणे, वळणावर गाडी सावकाश घेणे या गोष्टींनी बराच फरक पडतो. आल्याचा तुकडा काहींना उपयोगी पडतो. औषध द्यायचेच असेल तर ते डॉक्टरांना विचारून, वजनानुसार आणि घाट सुरू होण्याच्या अर्धा ते एक तास आधी द्यावे. मोठ्यांची गोळी मोडून अर्धी देणे धोक्याचे आहे. या कामासाठी सर्रास वापरले जाणारे प्रोमेथाझिन दोन वर्षांखालील मुलांना देऊ नये, कारण त्याने श्वास मंदावण्याची भीती असते.

दुसरा प्रश्न कानाचा. वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणीला जाताना अवघ्या १२ किलोमीटरमध्ये गाडी साडेपाचशे मीटरच्या आसपास उंची गाठते. बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो. वेफर्सचे बंद पाकीट वर पोचेपर्यंत टम्म फुगते, ते यामुळेच. पडद्यामागच्या कानातली हवाही तशीच पसरते आणि घशाकडे जाणाऱ्या बारीक नळीतून बाहेर पडते. उतरताना उलटे घडते. तीच नळी उघडून हवा आत घ्यावी लागते आणि मुलांची नळी अरुंद असते. सर्दीने ती सुजली असेल तर कान ठणकतो. म्हणून वर जाताना खिदळणारे मूल परतीच्या वाटेवर रडू लागते आणि सगळे त्याला ‘दमलं बिचारं’ म्हणतात. गिळताना ही नळी उघडते. उतार लागण्यापूर्वी मुलाला जागे करावे, तान्ह्याला अंगावर पाजण्यासाठी गाडी थांबवावी, मोठ्या मुलांना घोट घोट पाणी प्यायला द्यावे. सर्दी जोरात असेल, तर सहल आठवडाभर पुढे ढकलण्यात काही बिघडत नाही.

उंचीवरच्या विरळ हवेची धास्ती मात्र घेऊ नये. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर आहे. लडाखमध्ये गाठतो तसा उंचीचा आजार साधारणपणे २,५०० मीटरच्या वर संभवतो. इथे सांभाळायची ती थंडी. दर हजार मीटरला हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते, म्हणजे मलकापूरपेक्षा वर पाच-सहा अंशांनी गारवा अधिक आणि त्यात पठारावरचा वारा. स्वेटर डिकीच्या तळाशी नसावा, हाताशी असावा.

पाण्याचेही तसेच. मीटर बसवून चोवीस तास नळाला पाणी देणारी योजना राबवून मलकापूरने नाव कमावले आहे. घरी असे पाणी पिणाऱ्या मुलांना वाटेवरच्या टपरीतला बर्फगोळा आणि पिंपातले पाणी सोसेलच असे नाही. घरचे पाणी पुरेसे बरोबर घ्यावे आणि जलसंजीवनीची दोन-चार पाकिटे पिशवीत ठेवावीत. घाटातल्या जुलाबावर तोच पहिला उपचार आहे.

इथवरच्या सगळ्या गोष्टी त्रासाच्या आहेत, त्या चुकल्या तर फार तर सहलीचा विचका होतो. खरा धोका त्यांच्यावरच्या एका घरगुती उपायात दडला आहे. मुलाला मळमळते, म्हणून आई त्याला पुढे मांडीवर घेते. ‘पुढं बसलं की लागत नाही’ हे निरीक्षण खरे, कारण तिथून रस्ता दिसतो. परंतु ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी धडकून थांबणे म्हणजे जवळजवळ दहा मीटरवरून, तिसऱ्या मजल्यावरून पडणे होय. गाडी एक दशांश सेकंदात थांबली, तर दहा किलोचे बाळ त्या क्षणी आईच्या हातांना सुमारे १४० किलोचे होते. ते कोणत्याही आईला धरून ठेवता येत नाही. हा मायेचा नव्हे, भौतिकशास्त्राचा हिशेब आहे. शिवाय पुढची एअरबॅग मोठ्या माणसासाठी बनवलेली असते. तिचा तडाखा मांडीवरच्या मुलाला जीवघेणा ठरू शकतो.

मागच्या सीटवर पट्ट्याची गरज नाही, हा समजही तितकाच घातक आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी दगावले. मागे बसलेल्या या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले होते. महागड्या, भक्कम गाडीतही पट्ट्याला पर्याय नव्हता. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा मुलांसाठीच्या आसनाने सुरक्षित न केल्यास एक हजार रुपये दंड आहे. तरीही किती गाड्यांत मागच्या पट्ट्यांची कुलपे सीटकव्हरखाली गाडलेली असतात! पट्ट्याचा इशारा बंद पाडणाऱ्या क्लिपा तर खुशाल विकल्या जात होत्या. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला पाच ऑनलाईन विक्री कंपन्यांना ही विक्री थांबवण्याचे आदेश द्यावे लागले.

मुलांचे आसन अनेक कुटुंबांना चैनीचे वाटते. त्याला काही हजार रुपये लागतात, हेही खरे. पण सहलीतल्या एका रात्रीच्या मुक्कामाला तेवढे सहज जातात. उंची साधारण १४५ सेंटीमीटर होईपर्यंत मोठ्यांचा पट्टा मुलाच्या खांद्याऐवजी गळ्यावर आणि कमरेऐवजी पोटावर येतो. उंच आसनाने तो जागेवर बसतो. त्याच आसनामुळे मुलाला मागूनही बाहेरचे दूरवर दिसते आणि मळमळही कमी होते. मांडीवर घेण्याचे कारणच उरत नाही. भाड्याची गाडी ठरवताना एसी आहे का, हे सगळे विचारतात. मागचे सगळे पट्टे चालू आहेत का, हेही तितक्याच ठामपणे विचारायला हवे. जितके पट्टे तितकीच माणसे, बाकीच्यांसाठी दुसरी गाडी किंवा एसटी.

मग बेत आखावा कसा? मूल लहान असेल, तर पहिली सहल कोयनेची करावी. पाटणमार्गे कोयनानगर साधारण ५५ किलोमीटर. रस्ता बराचसा नदीच्या खोऱ्यातून जातो, वळणांचा कुंभार्ली घाट त्याच्या पुढे लागतो. धरण, हिरवाई आणि संध्याकाळी घर. ते जमले की पुढच्या सुट्टीत कास किंवा महाबळेश्वर. दिवसाला एक घाट, एकच मुख्य ठिकाण, दर दीड-दोन तासांनी थांबा आणि अंधार पडण्यापूर्वी उतार संपलेला, एवढे चार नियम पुरेत. ज्या गियरमध्ये चढायचे त्याच गियरमध्ये उतरायचे, ही जुन्या चालकांची शिकवण ब्रेक तापू देत नाही. पावसाळ्यात तर आधी घाट सुरू असल्याची खात्री करावी. वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या महाबळेश्वरचा अंदाज कराडच्या आभाळावरून बांधता येत नाही. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक गाडीतल्या प्रत्येकाला, मुलांनाही, पाठ असावा.

आठांपैकी सहा ठिकाणे राहून गेली, तर मुलांचे काहीच बिघडत नाही. त्यांच्या लक्षात ठिकाणांची यादी राहत नसते. पठारावरचा वारा, पवनचक्कीचे फिरते पाते, थर्मासमधला गरम उपमा हे राहते. सह्याद्री पुढच्या सुट्टीतही तिथेच असणार आहे. निघालेले सगळे जण तोवर घरी सुखरूप असणे, एवढेच बेत आखणाऱ्यांच्या हातात आहे आणि त्याची सुरुवात मागच्या सीटवरच्या पट्ट्याचे कुलूप शोधण्यापासून होते.