हेतू नव्हे, परिणाम मोजा

मिसिसिपी राज्यातील शॉ हे त्या काळी सुमारे २,५०० लोकवस्तीचे गाव. अँड्र्यू हॉकिन्स व इतर कृष्णवर्णीय रहिवाशांच्या दाव्यात १९७१ साली फेडरल अपील न्यायालयासमोर आलेले चित्र असे होते: कच्च्या रस्त्यांवरील घरांपैकी जवळजवळ ९८ टक्के आणि मलनिःसारणाची सोय नसलेल्या घरांपैकी ९७ टक्के घरे कृष्णवर्णीयांची. प्रखर पथदिवे गोऱ्यांच्या वस्तीत, इतरत्र साधे बल्ब. नगरप्रशासनाचा हेतू सिद्ध करण्याची गरज न्यायालयाला वाटली नाही. परिणाम पुरेसा ठरला. परंतु १९७६ च्या 'वॉशिंग्टन विरुद्ध डेव्हिस' निकालाने ही वाट अरुंद केली. संविधानातील समतेच्या हमीखाली दाद मागायची, तर भेदभावाचा हेतू दाखवणे आवश्यक झाले.

नागरी सेवांच्या बाबतीत ही अट अन्यायकारक आहे, असे आम्हांस वाटते. जलवाहिनी कोठवर न्यायची, हे अंदाजपत्रकातील एका ओळीत ठरते आणि त्या ओळीत द्वेष लिहिलेला नसतो. ओहायोतील झेन्सव्हिलनजीकच्या कोल रन या प्रामुख्याने कृष्णवर्णीय वस्तीला सुमारे पन्नास वर्षे नळाचे सार्वजनिक पाणी मिळाले नाही. २००८ साली ज्युरीने ६७ वादींना जवळपास १ कोटी १० लाख डॉलरची भरपाई दिली. तोवर एक पिढी पाणी वाहण्यात खपली होती.

आंबेडकरी समाजाला याची ओळख जुनीच आहे. महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले करण्याचा ठराव १९२४ मध्येच केला होता. तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. कागदावरचा हेतू निर्दोष होता. ओंजळीत पाणी नव्हते.

आज आपल्यापैकी अनेक कुटुंबे उत्तम शाळा, पदपथ व उद्याने असलेल्या उपनगरांत राहतात. ते कष्टाचे फळ आहे. परंतु शेजारच्या वस्तीला तेच का मिळत नाही, हे विचारण्याचे दायित्व त्याने संपत नाही. अंदाजपत्रकावरील सुनावणीत नागरिकांना बोलता येते. जनगणनेची खुली आकडेवारी आणि शहराच्या नियोजित कामांची यादी एकाच नकाशावर मांडणे, हे तर आपल्या व्यवसायातील नित्याचे काम. भीमजयंतीच्या तयारीइतक्याच निष्ठेने तो नकाशा तयार करावा, त्या वस्तीतील रहिवाशांच्या हाती द्यावा आणि सुनावणीच्या दिवशी त्यांच्या सोबतीने उभे राहावे.