हौसेचे मोल

१५ जुलै २०२२ रोजी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने आपल्या दप्तरातील एक नोंद दुरुस्त केली. स्टॉकहोम येथे १९१२ साली झालेल्या स्पर्धांत पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन या दोन्ही प्रकारांचा एकमेव विजेता अमेरिकेचा जिम थॉर्प हाच होय, असे तिने जाहीर केले. थॉर्पच्या डेकॅथलॉनमधील विजयाला त्या दिवशी बरोबर ११० वर्षे पूर्ण झाली होती. त्याच्या मृत्यूला ६९. उशिरा का होईना, न्याय झाला, असे म्हणून या घटनेचे स्वागत झाले आणि ते योग्यही होते. तथापि ज्या निर्णयाने ही नोंद बिघडली, तो हातून चुकून घडलेला नव्हता. तो तत्त्वाच्या नावाने, शुद्धतेची शपथ वाहून घेतलेला निर्णय होता. त्या तत्त्वाची पारख केल्यावाचून या दुरुस्तीचा खरा अर्थ कळणार नाही.

थॉर्पचा जन्म १८८७ च्या सुमारास आजच्या ओक्लाहोमा राज्यात झाला. तेव्हा तो मुलूख राज्य नव्हता. पूर्वेकडून हुसकावून लावलेल्या मूळ अमेरिकी जमातींसाठी राखलेला तो प्रदेश होता. थॉर्प सॅक अँड फॉक्स जमातीचा. जमातीने त्याला दिलेले नाव वा-थो-हुक, म्हणजे उजळलेली वाट. ती वाट मात्र सुखाची नव्हती. त्याचा जुळा भाऊ बालपणीच गेला आणि किशोरवयात आई-वडिलांचे छत्रही हरपले. १९०४ साली तो पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल येथील सरकारी निवासी शाळेत दाखल झाला. कॅप्टन रिचर्ड प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने १८७९ मध्ये स्थापन केलेल्या या शाळेचा हेतू उघड होता. मुलाच्या ठायी असलेला आदिवासी नाहीसा करून उरलेल्या माणसाला सुधारावयाचे! मुलांचे केस कापले जात, नावे बदलली जात, मातृभाषा बोलण्यास मनाई असे. सुट्टीच्या काळात त्यांना गोऱ्या शेतकऱ्यांकडे कामाला धाडले जाई.

या शाळेला सबंध देशात कीर्ती मिळाली ती मात्र तिच्या फुटबॉल संघामुळे. अमेरिकी फुटबॉल म्हणजे आपल्या परिचयाचा फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू हातात घेऊन धावण्याचा, अंगाला अंग भिडवून प्रतिस्पर्ध्याला आडवे करण्याचा, रग्बीच्या जवळचा असा तो दणकट खेळ आहे. पॉप वॉर्नर या कल्पक प्रशिक्षकाच्या हाताखाली कार्लाइलची मुले या खेळात श्रीमंत विद्यापीठांना भारी पडू लागली आणि त्यांत थॉर्प अग्रेसर होता. चेंडू घेऊन पळणे, लाथेने तो दांड्यांपलीकडे धाडणे, प्रतिपक्षाला अडविणे या तिन्ही अंगांत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. १९११ मध्ये कार्लाइलने बलाढ्य हार्वर्डला १८-१५ असे हरविले, तेव्हा दुखऱ्या पायाला पट्ट्या बांधून थॉर्पने चार मैदानी गोल केले. पुढच्या वर्षी वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीचा २७-६ असा पराभव झाला. पराभूत संघात पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले ड्वाइट आयझेनहॉवर होते. ज्यांच्या वाडवडिलांनी अमेरिकी सैन्याशी लढून भूमी गमावली, त्यांच्या नातवंडांनी त्या सैन्याच्या भावी अधिकाऱ्यांना मैदानावर नमविले. या विजयाचे मोल केवळ गुणफलकावर मावणारे नव्हते.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात थॉर्प स्टॉकहोमला गेला. पेंटॅथलॉनमधील पाचपैकी चार प्रकारांत तो पहिला आला. तीन दिवस चाललेल्या डेकॅथलॉनच्या दहाही प्रकारांत तो पहिल्या चारांत होता, आणि एकूण ८,४१२ गुण मिळवून त्याने दुसऱ्या क्रमांकावरील ह्यूगो वीसलँडर या स्वीडिश खेळाडूला जवळजवळ सातशे गुणांनी मागे टाकले. याखेरीज उंच उडीत तो चौथा आणि लांब उडीत सातवा आला. स्पर्धेच्या वेळी त्याचे बूट नाहीसे झाले आणि मिळतील ते दोन बूट पायांत घालून तो मैदानात उतरला, असे सांगतात. त्या दिवसांतील एका छायाचित्रात त्याच्या दोन पायांत दोन तऱ्हांचे बूट दिसतात, हे मात्र खरे. स्वीडनचे राजे पाचवे गुस्ताव यांनी त्याला जगातील सर्वश्रेष्ठ क्रीडापटू म्हणून गौरविल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. न्यूयॉर्कच्या रस्त्यांतून त्याची मिरवणूक निघाली. ज्याची मिरवणूक निघाली तो कायद्याच्या दृष्टीने सरकारचा पाल्य होता. मूळ अमेरिकी लोकांना सरसकट नागरिकत्व देणारा कायदा १९२४ साली झाला.

या कीर्तीला सहा महिने होतात न होतात तोच, जानेवारी १९१३ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील एका वृत्तपत्राने बातमी दिली की, थॉर्प १९०९ आणि १९१० या दोन उन्हाळ्यांत नॉर्थ कॅरोलायनातील दुय्यम संघांकडून पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता. ऑलिंपिकचा दंडक असा की, स्पर्धक निव्वळ हौशी हवा. कोणत्याही खेळात त्याने पैसा घेतलेला नसावा. थॉर्पने आरोप नाकारला नाही. हौशी क्रीडा संघटनेला लिहिलेल्या पत्रात त्याने कबुली दिली आणि सांगितले की, अनेक महाविद्यालयीन तरुण हेच करतात, पण ते खोट्या नावाने खेळतात. आपण आपल्या खऱ्या नावाने खेळलो, जगाच्या रीतीभाती आपल्याला ठाऊक नव्हत्या. ही कबुलीच त्याच्या विरुद्ध पुरावा ठरली. संघटनेने त्याचे हौशीपण पूर्वलक्षी प्रभावाने रद्द केले. त्याची दोन्ही पदके परत गेली आणि दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूंना विजेते ठरविण्यात आले.

नियमाचा भंग झाला होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. थॉर्पची बाजू मांडणारे पुष्कळदा हा मुद्दा टाळतात. परंतु तो टाळण्याचे कारण नाही. नियम सर्वांना सारखा लागू झाला असता, तर त्याला तक्रार करण्यास जागा उरली नसती. प्रश्न आहे तो इतकाच की, नियमाच्या रक्षकांनी स्वतः नियम पाळले काय? स्टॉकहोमच्या स्पर्धांच्या नियमावलीत असे स्पष्ट कलम होते की, खेळाडूच्या पात्रतेविषयीची हरकत स्पर्धा संपल्यापासून तीस दिवसांच्या आत नोंदविली पाहिजे. थॉर्पविरुद्धची हरकत आली सहा महिन्यांनी. म्हणजे ज्या पुस्तकाच्या आधारे त्याला दोषी ठरविण्यात आले, त्याच पुस्तकाने तो खटला दाखल करून घेण्यास मनाई केली होती. हे कलम कुणी उघडून पाहिले नाही, किंवा पाहून दुर्लक्षिले. पुढे सुमारे सत्तर वर्षांनी रॉबर्ट व्हीलर आणि फ्लॉरेन्स रिडलन या संशोधक दांपत्याने ती पुस्तिका ग्रंथालयातून शोधून काढली, तेव्हा कोठे ते उजेडात आले.

शिवाय हौशीपणाचे हे तत्त्व जन्मले कोठे, हेही पाहिले पाहिजे. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडात नौकाशर्यतींच्या नियमांनी कारागीर आणि मजूर यांना हौशी मानण्याचेच नाकारले होते; हाताने काम करून पोट भरणारा माणूस हौशी असूच शकत नाही, असा तो न्याय. क्रिकेटमध्ये हौशी ‘जंटलमन’ आणि वेतन घेणारा ‘प्लेअर’ हा भेद १९६२ पर्यंत टिकला. ऑलिंपिकमधील अश्वारोहणाची कथा तर याहून बोलकी आहे. सरकारी पगार, सरकारी घोडा आणि सरावासाठी सरकारी वेळ मिळणारा लष्करी अधिकारी हौशी गणला जाई. परंतु त्याच सैन्यातील सार्जंट मात्र अपात्र! १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वीडनच्या ड्रेसाज संघाने सुवर्णपदक जिंकले, आणि संघातील एक स्वार प्रत्यक्षात अधिकारी नसून सार्जंट आहे, एवढ्याच कारणावरून ते पुढल्या वर्षी काढून घेण्यात आले. मराठीत हौसेला मोल नाही असे म्हणतात. ऑलिंपिकच्या धुरीणांनी मात्र हौसेला पक्के मोल लावले होते, आणि ते घरच्या मिळकतीवर जगणाऱ्यालाच परवडणारे होते.

थॉर्पच्या खेळावर पैसा मिळविला तो एकट्या थॉर्पने नव्हे. कार्लाइलच्या सामन्यांना हजारो प्रेक्षक तिकिटे काढून येत. ते उत्पन्न शाळेच्या क्रीडानिधीत जाई आणि त्यावर वॉर्नरची हुकमत चाले. १९१४ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीने शाळेच्या कारभाराची चौकशी केली, तेव्हा या निधीच्या विनियोगावर गंभीर आक्षेप घेतले गेले. थॉर्प बेसबॉल खेळत होता हे आपल्याला ठाऊकच नव्हते, असे वॉर्नर म्हणाला. त्यावर विश्वास ठेवणे अनेक अभ्यासकांना जड गेले आहे. पुढे वॉर्नरची कीर्ती वाढतच गेली. ऑलिंपिक समितीची प्रतिष्ठाही उणावली नाही. तत्त्वाची किंमत मोजली ती एकट्या थॉर्पने.

व्यावसायिक ठरल्यावर तो व्यावसायिक म्हणून खेळला आणि तेथेही मोठा ठरला. १९१३ ते १९१९ या काळात तो बेसबॉलच्या सर्वोच्च साखळीत सहा हंगाम खेळला. १९१५ पासून तो ओहायोतील कँटन बुलडॉग्ज या फुटबॉल संघाचा आधारस्तंभ होता. १९२० मध्ये व्यावसायिक फुटबॉल संघांची संघटना कँटन येथे स्थापन झाली, तेव्हा तिचा पहिला अध्यक्ष म्हणून त्याचीच निवड झाली. हीच संघटना १९२२ पासून नॅशनल फुटबॉल लीग या नावाने ओळखली जाऊ लागली. आज अब्जावधी डॉलरांची उलाढाल करणाऱ्या या लीगला आरंभी लोकांपुढे उभे राहण्यासाठी त्याच्या नावाचा आधार घ्यावा लागला होता.

१९२८ मध्ये तो निवृत्त झाला आणि पाठोपाठ महामंदी आली. चित्रपटांतील किरकोळ कामे, पहारेकरी, खणकाम, जे मिळेल ते त्याने केले. १९३२ चे ऑलिंपिक लॉस एंजेलिसला भरले, तेव्हा तिकिटापुरते पैसे त्याच्यापाशी नव्हते. हे कळल्यावर उपाध्यक्ष चार्ल्स कर्टिस यांनी त्याला आपल्या शेजारी बसविले. कर्टिस स्वतःही मूळ अमेरिकी वंशाचे होते. १९५० मध्ये असोसिएटेड प्रेसच्या मतदानात क्रीडापत्रकारांनी त्याला अर्धशतकातील सर्वश्रेष्ठ क्रीडापटू ठरविले. १९५१ मध्ये त्याच्या जीवनावर चित्रपट निघाला, त्यात बर्ट लँकेस्टरने त्याची भूमिका केली. आणि त्याच वर्षी ओठाच्या कर्करोगासाठी तो रुग्णालयात धर्मादाय रुग्ण म्हणून दाखल झाला. त्याच्या व्यसनाधीनतेवर आणि मोडलेल्या संसारांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या दोषांचे धनीपण त्याचेच. परंतु त्यांचा आधार घेऊन इतरांना दोषमुक्त होता येणार नाही. २८ मार्च १९५३ रोजी कॅलिफोर्नियात, चाकांवरच्या घरात तो मरण पावला.

मृत्यूनंतरही त्याच्या नावाचा उपयोग संपला नाही. जमातीचे अंत्यविधी चालू असतानाच त्याच्या तिसऱ्या पत्नीने मृतदेह हलविला. पेनसिल्व्हेनियातील दोन ओसरत्या गावांनी एकत्र येऊन थॉर्पचे नाव धारण केले आणि त्याचे अवशेष मिळविले. त्या गावांशी त्याचा जिवंतपणी काहीही संबंध नव्हता. वडिलांना मायभूमीत आणावे म्हणून मुलांनी न्यायालयाची पायरी चढली. २०१३ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल लागला, तो पुढल्या वर्षी अपिलात फिरला, आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्याचे नाकारले. थॉर्प अद्याप तेथेच आहे.

दरम्यान १९५२ ते १९७२ अशी वीस वर्षे ऑलिंपिक समितीचे अध्यक्षपद ॲव्हरी ब्रंडेज यांच्याकडे होते. स्टॉकहोमला ते थॉर्पचे सहस्पर्धक होते आणि दोन्ही प्रकारांत त्याच्या मागे राहिले होते. त्यांच्या मनात आकस होता असे म्हणण्यास पुरावा नाही. पण पदके परत देण्याची प्रत्येक विनंती त्यांच्या काळात फेटाळली गेली, हे निश्चित. ऑक्टोबर १९८२ मध्ये समितीने थॉर्पला ‘सहविजेता’ ठरविले आणि जानेवारी १९८३ मध्ये त्याच्या मुलांना पदकांच्या प्रतिकृती दिल्या. ज्याने सातशे गुणांची आघाडी घेतली त्याला बरोबरीत बसविणारा हा विचित्र समेट होता. वीसलँडरने तर आपण विजेते आहोत असे कधी मानलेच नाही. इतकेच नव्हे, चारच वर्षांनी समितीने व्यावसायिक खेळाडूंना दार उघडले आणि १९९२ मध्ये बार्सिलोनाला अमेरिकेचे कोट्यधीश बास्केटबॉलपटू सुवर्णपदक घेऊन गेले. ज्या तत्त्वासाठी एका माणसाचे आयुष्य विसकटले, ते पैशाचा प्रवाह मोठा होताच निमूटपणे बाजूला ठेवण्यात आले.

२०२२ ची दुरुस्ती म्हणून स्वागतार्ह असली, तरी ती थॉर्पवर केलेला उपकार नव्हे. त्याने मिळविलेले गुण कधीही कमी झाले नव्हते. कमी झाली होती ती समितीची विश्वासार्हता, आणि तीच तिने काही अंशी परत मिळविली. संस्था तत्त्वांवर चालाव्यात, यात वाद नाही. परंतु ज्याच्यामागे पैसा नाही, वकील नाही, नागरिकत्वही नाही, त्याच्या बाबतीत तत्त्व कठोर आणि इतरांच्या बाबतीत लवचिक होऊ लागले, म्हणजे ते तत्त्व राहत नाही. सोयीचे हत्यार बनते. थॉर्पने खोटे नाव घेतले असते, तर त्याची पदके बहुधा त्याच्यापाशीच राहिली असती. खऱ्या नावाने खेळणारा शिक्षेला पात्र आणि खोट्या नावाने खेळणारा हौशी, असा निवाडा देणाऱ्यांना आपली चूक उमगण्यास जवळजवळ ११० वर्षे लागली. तोपर्यंत ते ऐकावयास थॉर्प उरला नव्हता.