टायर विकू नका, टायरचं आयुष्य विका



आपल्या सोलापूरच्या बॅचमधला एक तरुण गेल्या महिन्यात माझ्याकडे आला. मुलगा हुशार, गाड्यांचं वेड लहानपणापासूनचं. मित्रांबरोबर ट्रॅकवर गाडी चालवून आलेला. म्हणाला, "सर, परफॉर्मन्स टायरचं दुकान टाकतो. सोलापुरात एकही नाही. वडील एफडी मोडायला तयार आहेत, सहा लाख." शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, म्हणजे हीच वेळ, असं त्याचं गणित.

"सोलापुरात एकही नाही" हे वाक्य ऐकलं की मी आधी विचारतो, नाही म्हणजे कोणाला सुचलं नाही, की कोणाला परवडलं नाही?

माझं मत सरळ सांगतो. हे दुकान टाकू नये. पण ट्रॅकवर तो जे शिकलाय, त्याचा धंदा मात्र जरूर करावा. कसा, ते बघू.

आधी ट्रॅकची गोष्ट समजून घ्या. हौशी लोकांसाठी आपल्याकडे जागा मोजक्याच. कोइंबतूरचा कारी मोटर स्पीडवे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक, दिल्लीजवळ ग्रेटर नोएडात २०११ ला सुरू झालेला बुद्ध सर्किट. महाराष्ट्रात मावळातलं नाणोली आणि कार्टिंगसाठी कोल्हापूरचा मोहिते ट्रॅक. म्हणजे सोलापूरच्या माणसाला वर्षातून चार-पाच वेळा जायला मिळालं तरी खूप झालं. मग त्याचे टायर किती खपणार?

आता टायरची निवड. बऱ्याच कार टायरच्या कडेला 'ट्रेडवेअर' नावाचा आकडा असतो. ट्रॅकवर चालणाऱ्या रस्त्याच्या टायरांचा साधारण २०० च्या आसपास, रोजच्या टायरचा ४०० किंवा जास्त. आकडा कमी म्हणजे रबर मऊ, पकड जास्त, आयुष्य कमी. हा आकडा कंपनी स्वतः देते, त्यामुळे दोन कंपन्यांची तुलना डोळे झाकून करू नका.

किंमत बघू नका, एका दिवसाचा खर्च बघा. समजा मऊ टायरचा सेट ४८,००० चा आणि ट्रॅकवर ८ दिवस टिकला, तर दिवसाला ६,००० रुपये. मध्यम टायरचा सेट ३२,००० चा आणि १६ दिवस टिकला, तर दिवसाला २,०००. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही घाला. शिकणाऱ्याने दुसराच टायर घ्यावा. साधा टायर पकड सुटण्याआधी ओरडतो, सावध करतो. मऊ टायर तुमच्या चुका झाकतो आणि मग एकदम सोडून देतो. धंद्यातल्या उधारीच्या भांडवलासारखंच आहे हे.

झीज सांभाळायची म्हणजे टायर वाचायला शिकायचं. मधोमध झिजला तर हवा जास्त. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी. फक्त बाहेरची कड खातोय तर वळणावर भार तिथे पडतोय, चाकाचा कोन बघा. आतली कड खातोय तर अलाइनमेंट बिघडलंय. एकाच ठिकाणी सपाट झालाय तर ब्रेक मारताना चाक लॉक झालं होतं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचे पुढचे टायर आधी जातात, म्हणून वेळेवर पुढचे मागे, मागचे पुढे करायचे.

आणि हवा. तापमान १० अंशांनी वाढलं की कारच्या टायरमधली हवा सुमारे दीड पीएसआयने वाढते. ट्रॅकवर सकाळी ३२ भरलेली हवा वीस मिनिटांत ३९-४० दाखवते. म्हणून लोक गरम असताना हवा कमी करतात. ते बरोबरच आहे. पण संध्याकाळी टायर थंड झाला की तीच हवा २५-२६ वर येते, आणि थकलेला माणूस तसाच हायवेला लागतो. कमी हवेचा टायर जास्त दबतो, आतून तापतो आणि वेगात फुटतो. ट्रॅकवर हेल्मेट घालून जपलेला जीव घरच्या रस्त्यावर जायला नको. म्हणून निघण्याआधी हवा परत भरायची. आळस करायचा नाही.

आता हेच ज्ञान घेऊन सोलापुरात या.

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४३-४४ वर जातो. पुणे-सोलापूर-हैदराबाद हायवे शहरातून जातो. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूरला भाविकांना नेणाऱ्या टॅक्सी रोज धावतात. चादरी-टॉवेलचा माल नेणारे टेम्पो आहेत, शाळेच्या व्हॅन आहेत. यातल्या किती जणांनी या महिन्यात सकाळी, टायर थंड असताना हवा मोजली? बहुतेक जण दुपारी पंपावर, तापलेल्या टायरची हवा बघतात, जास्त वाटली की सोडतात. म्हणजे ट्रॅकवाल्याची चूक, तीही रोज, मागे सहा प्रवासी बसवून.

समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि अपघात वाढल्यावर २०२३ मध्ये परिवहन विभागाने तिथे टायर तपासायला सुरुवात केली. झिजलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवल्या. नियमाप्रमाणे कारच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल लागते. पण ती मोजणारा माणूस टोलनाक्यावरच का भेटावा? तो तुमच्या गल्लीत का नसावा?

तो माणूस म्हणजे तुमचा धंदा.

डिजिटल प्रेशर गेज, नक्षीची खोली मोजायचं गेज, गाडीच्या बॅटरीवर चालणारा छोटा कंप्रेसर आणि एक रजिस्टर. माझ्या अंदाजाने आठ-दहा हजारांत बसतं. सकाळी सहा ते नऊ, गाड्या बाहेर पडण्याआधी, मालकाच्या दारात जायचं. प्रत्येक टायर तीन जागी मोजायचा, आत, मध्ये, बाहेर. रजिस्टरला नोंद, मालकाच्या व्हॉट्सॲपवर फोटो.

मालक पैसे का देईल? समजा टॅक्सीचा सेट २४,००० चा आणि ४०,००० किलोमीटर चालतो. किलोमीटरला ६० पैसे पडले. तुमच्या देखरेखीने तो ५०,००० चालला तर ४८ पैसे. महिन्याला ४,००० किलोमीटर धावणाऱ्या गाडीचे ४८० रुपये वाचले. तुम्ही महिन्यात दोन फेऱ्यांचे ३०० घेतले तरी त्याच्या खिशात १८० उरतात, आणि रस्त्यात गाडी उभी राहण्याचा धोका कमी होतो तो वेगळाच. अशा ४० गाड्या मिळाल्या तर तुमचे महिन्याला १२,०००.

१२,००० त घर चालत नाही, मला माहीत आहे. त्या तरुणानेही हेच तोंडावर म्हटलं. पण सहा महिन्यांत तुमच्या रजिस्टरमध्ये ४० गाड्यांची साइज, झीज आणि पुढचा टायर कधी लागणार याचा महिना लिहिलेला असेल. मग टायर विका, पण ऑर्डर घेऊन, आगाऊ पैसे घेऊन. माल भरून ठेवायचा नाही.

माल भरण्याला माझा विरोध का? टायरवर चार आकडी कोड असतो. २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३ वा आठवडा. टायर फळीवर पडूनही म्हातारा होतो आणि जाणकार गिऱ्हाईक आधी तोच कोड वाचतं. परफॉर्मन्स टायर घेणारं गिऱ्हाईक तर सगळ्यात जाणकार. साइज दहा, कंपन्या चार, गिऱ्हाईक महिन्याला दोन. सहा लाख फळीवर बसून राहतील आणि व्याज मात्र धावत राहील.

आपल्या भाषेत एक छान शब्द आहे, घसारा. टायर झिजतो त्याला आपण झीज म्हणतो, आणि वहीत यंत्राची किंमत दरवर्षी कमी करतो त्याला घसारा म्हणतो. गोष्ट एकच. जो घसारा मोजत नाही त्याला वाटतं आपण नफ्यात आहोत, आणि एक दिवस भर रस्त्यात टायर फुटतो. यंत्रमागवाला असो, गिरणीवाला असो की टॅक्सीवाला.

तो तरुण अजून माझ्यावर थोडा नाराज आहे. पण एफडी मोडलेली नाही, आणि परवा त्याने अकरा गाड्यांची नोंद असलेलं रजिस्टर दाखवलं. त्यातल्या दोन गाड्यांचे टायर त्याने त्याच दिवशी बदलायला लावले. एक शाळेची व्हॅन होती.

या आठवड्याचा गृहपाठ: उद्या सकाळी गाडी हलवण्याआधी स्वतःच्या गाडीची हवा मोजा, आकडा वहीत लिहा. मग तुमच्या धंद्यात झिजणारी एक वस्तू शोधा, आणि तिचा एका दिवसाचा खर्च त्याच पानावर लिहा.

भेटू पुढच्या व्हिडिओत.