बुडत्याला कागदाचा आधार

लखनौ म्हटलं की चिकनचा कुडता, भूलभुलैया आणि 'पहले आप' आठवतं. मराठी माणसाला त्याच्या जोडीला पंडित भातखंड्यांनी १९२६ साली तिथे सुरू केलेलं संगीत महाविद्यालयही आठवेल. समुद्र मात्र कुणालाच आठवणार नाही. आठवणार कसा? गोमतीकाठच्या या शहरापासून कुठलाही किनारा शेकडो मैल दूर! तरीही भर समुद्रात संकटात सापडलेल्या माणसाची हाक उपग्रहाकरवी ऐकण्यासाठी भारताने सुरुवातीला जी दोन केंद्रं उभारली, त्यातलं एक होतं बंगळूरला आणि दुसरं चक्क लखनौला.

या योजनेचं नाव कॉस्पास-सारसॅट. अमेरिका, सोव्हिएत रशिया, कॅनडा आणि फ्रान्स या चार देशांनी ती सुरू केली. एकमेकांवर क्षेपणास्त्रं रोखून बसलेले देश बुडणाऱ्यांना वाचवण्यासाठी मात्र एकत्र आले! १९८२ च्या सप्टेंबरात या उपग्रहांच्या मदतीने पहिली सुटका झाली. पुढे भारतही त्यात सामील झाला आणि इस्रोने आपल्याकडची जबाबदारी उचलली.

बोटीवर डब्याएवढं एक यंत्र असतं. त्याला म्हणतात ईपर्ब. संकटात ते सुरू केलं, किंवा काही प्रकारांत ते पाण्यात पडलं, की ४०६ मेगाहर्ट्झवर संदेश सुटतो. उपग्रह तो ऐकतो आणि जमिनीवरच्या केंद्राकडे पाठवतो. हाक नेमकी कुठून आली हे कसं कळतं? फलाटावर उभे असताना गाडी जवळ येते आणि पुढे निघून जाते, तेव्हा तिच्या शिट्टीचा सूर बदलतो ना? तेच तत्त्व. शिवाय आजच्या बऱ्याच यंत्रांत जीपीएस असतं, त्यामुळे जागा अधिक अचूक समजते. बंगळूरच्या मुख्य केंद्राकडून खबर तटरक्षक दलाच्या मुंबई, चेन्नई किंवा पोर्ट ब्लेअरच्या बचाव केंद्राला जाते. विमानातही अशीच यंत्रं असतात, आणि गिर्यारोहकांसाठी खिशात मावणारीही मिळतात.

इथवर सगळं विज्ञान झालं. आता कागदाची गोष्ट.

उपग्रहाला ऐकू येतो तो फक्त एक सांकेतिक क्रमांक. तो क्रमांक कुणाचा, बोट केवढी, रंग कोणता, आत माणसं किती, हे उपग्रह सांगू शकत नाही. ते सांगतो यंत्र घेतल्यावर भरायचा नोंदणीचा फॉर्म. भारतीय यंत्रांची नोंद बंगळूरच्या केंद्रात होते. फॉर्मवर घरच्यांचे फोन नंबर द्यायचे असतात, कारण हाक आली की अधिकारी पहिल्यांदा घरी फोन करतात.

का? कारण या यंत्रांवरून येणाऱ्या खोट्या हाकांची संख्या मोठी आहे. कुणी साफसफाई करताना बटण दाबतं, कुणी जुनं यंत्र भंगारात टाकतं. घरच्यांनी सांगितलं, 'अहो, बोट धक्क्यालाच बांधलेली आहे,' तर विमानाची फेरी वाचते. आणि 'परवाच ते मस्कतला निघालेत, बरोबर दोघं आहेत,' असं सांगितलं, तर शोध आंधळेपणाने न होता माहितीनिशी सुरू होतो. ज्याने फॉर्मच भरला नाही, किंवा मोबाइलचा नंबर बदलून कळवला नाही, त्याच्यासाठी हा फोन कुणाला लागणार?

यंत्र परदेशातून किंवा जुनं विकत घेतलं असेल तर आणखी एक मेख आहे. त्यात दुसऱ्या देशाचा संकेत भरलेला असू शकतो. मग तुमची चौकशी त्या देशाकडे जाते. म्हणून आधी संकेत बदलून घ्यायचा, मग नोंदणी करायची. बॅटरीची मुदतही बघायची.

हे यंत्र काय करू शकतं ते २०१८ च्या सप्टेंबरात साऱ्या देशाने पाहिलं. गोल्डन ग्लोब शर्यतीत एकटे निघालेले कमांडर अभिलाष टॉमी यांची 'थुरिया' ही गोव्यात बांधलेली बोट दक्षिण हिंदी महासागरात वादळात उलटीपालटी झाली. डोलकाठी मोडली, पाठीला जबर मार बसला, उठणंही अशक्य झालं. तशा अवस्थेत त्यांनी ईपर्ब सुरू केल्याचं कळवलं. ऑस्ट्रेलियाच्या बचाव केंद्राने सूत्रं हलवली, भारतीय नौदलाचं विमान बोटीवरून घिरट्या घालून आलं, आणि तिसऱ्या दिवशी 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. तीन देश धावले ते एका माणसासाठी! याच टॉमींनी २०२३ साली तीच शर्यत दुसऱ्या क्रमांकाने पूर्ण केली.

आता कुणी म्हणेल, कमांडर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये 'म्हादेई'तून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, त्यांना कुठे एवढे कागद लागले? पण 'म्हादेई' नौदलाची बोट होती. तिच्या पाठीशी सरकार उभं होतं. हौसेने निघालेल्या खासगी माणसाच्या पाठीशी मात्र त्याची फाइलच उभी राहते. त्या फाइलीत काय काय असावं?

पहिला कागद बोटीच्या नोंदणीचा. माणसाप्रमाणे बोटीलाही राष्ट्रीयत्व लागतं. ज्या बोटीला कुठल्याच देशाचा झेंडा नाही, तिला भर समुद्रात कुठलीही युद्धनौका थांबवून तपासू शकते. आपल्याकडे १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्याच्या जागी संसदेने २०२५ साली नवा कायदा संमत केला आहे. त्यामुळे जुन्या ओळखीच्या सल्ल्यावर न जाता मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाकडे लेखी विचारणा केलेली बरी.

दुसरा कागद चालवणाऱ्याचा. मोटारीसाठी आंतरराष्ट्रीय परवाना मिळतो, पण साऱ्या जगात चालेल असं शिडाच्या बोटीचं एकच लायसन्स नाही. ब्रिटनमध्ये स्वतःच्या लहान बोटीवर हौसेने फिरणाऱ्याला समुद्रात लायसन्सची सक्ती नाही. ग्रीस किंवा क्रोएशियात बोट भाड्याने घ्यायला जा, प्रमाणपत्राशिवाय दोरीलाही हात लावू देणार नाहीत. बरेच जण ब्रिटनच्या रॉयल यॉटिंग असोसिएशनची प्रमाणपत्रं मिळवतात. आपलं प्रमाणपत्र तिथे चालेल का, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्या.

तिसरा कागद रेडिओचा. बोटीवरच्या संचाचा परवाना वेगळा आणि बोलणाऱ्याचं प्रमाणपत्र वेगळं. बोटीला नऊ आकडी ओळख क्रमांक मिळतो. भारतीय बोटींचा क्रमांक ४१९ ने सुरू होतो. उपग्रह फोनच्या बाबतीत मात्र सावध! परदेशात तो दुकानात मिळतो, पण भारतात दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय जवळ बाळगणं गुन्हा आहे. तो घेऊन आलेल्या परदेशी पाहुण्यांना आपल्या विमानतळांवर अटक झालेली आहे.

चौथा गठ्ठा निघण्या-पोहोचण्याचा. मनात आलं आणि नांगर उचलला असं चालत नाही. पासपोर्टवर निर्गमनाचा शिक्का, कस्टम्सची मोकळीक आणि बंदराचा दाखला हवा. पुढच्या बंदरात पहिला प्रश्न येतो तो मागच्या बंदराच्या दाखल्याचाच. तिथे पोहोचल्यावर पिवळं निशाण चढवायचं आणि अधिकाऱ्यांची तपासणी होईपर्यंत बोटीवरच थांबायचं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला तर येण्याआधीच वर्दी द्यावी लागते. तिथे फळं, मध, बियाणं आणि घरून दिलेला खाऊ, सगळं जाहीर करावं लागतं.

हे सगळं जाणाऱ्याचं काम झालं. उरलेलं काम घरच्यांचं. मुलगा, भाचा, जावई कुणीही बोट घेऊन निघणार असेल, तर या सगळ्या कागदांच्या झेरॉक्स आणि बोटीचा एक रंगीत फोटो घरी मागून घ्या. कुठून कुठे, कोणत्या तारखेला, बरोबर कोण, हे कागदावर लिहून घ्या. ईपर्बच्या फॉर्मवर तुमचाच नंबर आहे ना, हे एकदा डोळ्यांनी पाहा. आणि बोट समुद्रात असेपर्यंत अनोळखी नंबरचा फोन कंपनीचा असेल म्हणून कापू नका. तो कदाचित बचाव केंद्राचा असेल.