वाळवंटातली सुशी आणि परत येणारे गिऱ्हाईक

दुबईहून परतलेल्या माणसाला आमच्या काळाचौकीत पूर्वी दोन प्रश्न हमखास विचारले जात. सोने किती आणले, हा पहिला. आणि जेवणाचे हाल झाले का, हा दुसरा. अलीकडे त्यांत तिसऱ्या प्रश्नाची भर पडली आहे आणि तो विचारणारी मंडळी आमच्या वर्गात बसणारी आहेत: तिथे चांगली सुशी कुठे मिळते? लोअर परळच्या गिरण्यांच्या आवारांत जी नवी उपाहारगृहे उभी राहिली, त्यांतून या मुलांना सुशीची ओळख झालेली आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना मात्र हा प्रश्न थट्टेचा वाटतो. मासळीचे कल्ले उघडून पाहिल्याशिवाय लालबागच्या बाजारात जी माणसे पिशवी पुढे करीत नाहीत, त्यांना वाळवंटात जाऊन कच्चा मासा खाण्याची कल्पनाच सहन होत नाही.

आम्हाला हा प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा वाटत नाही. परक्या गावात, जिथे आपण पुन्हा बहुधा पाऊल ठेवणार नाही, तिथे विश्वासाचे अन्न कसे शोधावे, हा त्याचा खरा गाभा आहे. सुशी हे त्याचे सर्वांत कठीण उदाहरण, कारण तिच्यात फोडणी आणि मसाला यांच्याआड लपण्याची सोय स्वयंपाक्याला नसते.

प्रथम अंतराच्या आक्षेपाविषयी. समुद्र जवळ असला म्हणजे सुशी चांगली, दूर असला म्हणजे वाईट, ही समजूत खुद्द जपानच्या व्यवहाराशी जुळत नाही. ऑगस्ट १९७२ मध्ये कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटाजवळ पकडलेले ब्लूफिन ट्यूना, म्हणजे आपल्या कुप्याच्या जातकुळीतले प्रचंड मासे, विमानाने टोकियोला नेऊन त्सुकिजीच्या बाजारात लिलावाला काढण्यात आले. जपानचा माल उत्तर अमेरिकेत उतरवून रिकामी परतणाऱ्या मालवाहू विमानांना परतीचे भाडे हवे होते, त्यातून ही युक्ती निघाली. सुशीवरचा नारिंगी सामन तर जपानी परंपरेतला नव्हेच. कच्चा सामन खाण्याची सवय जपान्यांना नॉर्वेच्या मासळी व्यापाऱ्यांनी १९८० च्या दशकानंतर चिकाटीने लावली. शिवाय कच्चा खायचा मासा, ट्यूनासारख्या काही जाती आणि शेतीतले काही मासे वगळता, उणे २० अंश सेल्सिअसला सात दिवस गोठवून घ्यावा, असे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचे मार्गदर्शन आहे. त्याने माशातले परजीवी मरतात. म्हणजे उत्तम सुशीतला मासा विमानातून आलेला आणि काही वेळा बर्फगृहात राहिलेलाही असू शकतो. दुबईच्या विमानतळाइतकी विमाने जिथे उतरतात, त्या गावाला मासळीच्या बाबतीत वाळवंट म्हणणे भूगोलाला धरून असेल, व्यवहाराला धरून नाही.

सुशीचा इतिहास पाहिला तर 'ताजेपणा' हे तिचे मूळ लक्षणही नाही. बिवा सरोवराच्या काठी आजही 'फुनाझुशी' करतात. मासा मिठात घालायचा, मग भातात दाबून महिनोन्महिने आंबवायचा. आंबल्यावर मासा खायचा आणि भात बहुधा टाकून द्यायचा. मासा टिकवण्याची ही रीत सुशीची पूर्वज. पावसाळ्याच्या बेगमीसाठी बोंबील वाळवणाऱ्या आणि मासे खारवणाऱ्या कोकणी माणसाला तिचे नवल वाटू नये. आज आपण ओळखतो ती हाताने दाबलेली निगिरी सुशी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, रस्त्यावरचे झटपट खाणे म्हणून रूढ झाली. तेव्हा बर्फ नव्हता. म्हणून मासा शिरक्यात मुरवीत, सोयाच्या रसात बुडवून ठेवीत किंवा उकडून घेत. तेव्हा सुशीत पाहायचे ते माशावर केलेले संस्कार आणि त्याखालचा भात. भाताची पारख आम्हा कोकणातून आलेल्या कुटुंबांना कोणी शिकवायला नको. फ्रिजमधून काढलेला, दाणे कडक झालेला भात आपल्या घरातले पोरही बाजूला सारते. सुशीचा भात शिरका, मीठ, साखर लावून अंगाच्या उबेइतका कोमट हवा. ही एक खूण ध्यानात ठेवली तरी निम्मी परीक्षा पार पडते.

दुबईविषयी आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. हे गाव मुळात खाडीकाठचे, मासेमारीवर आणि मोत्यांवर जगणारे. आखातातले मोती विकायला येत ते आपल्या मुंबईच्या बाजारात, आणि १९६६ पर्यंत तिथल्या व्यवहारात रुपया चालत असे. हा मोत्यांचा धंदा १९३० च्या सुमारास बसला. जागतिक मंदी हे एक कारण. दुसरे कारण जपानी, कोकिची मिकिमोतो यांनी रूढ केलेले संवर्धित मोती. ज्या देशाच्या मोत्याने दुबईचे पाणबुडे घरी बसवले, त्याच देशाला पुढे आखाताचे तेल लागले, आणि त्याच्या कंपन्यांची माणसे कुटुंबांसह तिथे राहू लागली. म्हणून दुबईतली सुशी ही केवळ पर्यटकांसाठी मांडलेली शोभा नाही. तिची चव जाणणारी, तिथे वर्षानुवर्षे राहणारी माणसे त्या शहरात आहेत. देराचा जुना मासळीबाजार २०१७ मध्ये वॉटरफ्रंट मार्केटमध्ये गेला; तिथे आपली सुरमई 'कनद' या नावाने विकली जाते आणि ती निवडून घेणाऱ्यांत मराठी, मल्याळी, फिलिपिनो अशा सगळ्या बोली कानावर येतात.

मग अडचण कोठे आहे? आमच्या मते ती पर्यटकात आहे. २०२४ मध्ये दुबईत सुमारे १ कोटी ८७ लाख परदेशी पाहुणे मुक्कामाला आले. त्या वेळी शहराची वस्ती ४० लाखांच्या आत होती. ज्या उपाहारगृहासमोरून रोज नवी माणसे वाहत जातात, त्याला आजच्या गिऱ्हाइकाने उद्या परत येण्याची गरज उरत नाही. रुसून गेलेल्याची जागा तासाभरात भरते. तिथला आचारी अप्रामाणिक असतो असे आम्ही म्हणत नाही. त्याला प्रामाणिक ठेवणारे बाहेरचे कोणी नसते, एवढेच म्हणतो.

याच्या नेमकी उलट व्यवस्था आमच्या वाडवडिलांनी पाहिली आहे. गिरणगावात बिऱ्हाड गावी ठेवून एकटे राहणारे कामगार खानावळीत जेवत. चाळीच्या एका खोलीत एखादी बाई दहा-वीस माणसांचे दोन वेळचे जेवण रांधी. हिशोब महिन्याच्या महिन्याला. या बायकांना सावकाराच्या व्याजातून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, हे सर्वश्रुत आहे. त्या खानावळींत भिंतीवर दरपत्रक नव्हते, तारांकन नव्हते. मासळी शिळी निघाली तर जेवणारा त्याच रात्री त्याच पाटावर बसून तसे तोंडावर सांगे, आणि महिनाअखेरीस पैसे त्याच्याच खिशातून यायचे. उलट पगार लांबला तर बाई त्याला उपाशी ठेवीत नसे. विश्वास हा तिथे भावनेचा नव्हे, रोजच्या व्यवहाराचा भाग होता. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्यांच्याबरोबर ही व्यवस्थाही विरली.

वाळवंटातल्या शहरात सुशी शोधताना आम्ही हीच कसोटी लावतो: इथे परत येणारे गिऱ्हाईक कोण? गेल्या हिवाळ्यात आम्ही पाच दिवस दुबईत होतो. एका उंच मनोऱ्याच्या पायथ्याशी असलेल्या झगझगीत जागी सुशीबरोबर पिझ्झा, थाई रस्सा आणि बिर्याणीही मिळत होती. यादी पुस्तकाएवढी, भात गार, आणि आजूबाजूच्या प्रत्येक टेबलावर प्रवासी पिशव्या. दुसऱ्या दिवशी राहत्या वस्तीतल्या, कचेऱ्यांच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या एका लहान दुकानात दुपारी गेलो. आसने दहा-बारा, गळ्यात कचेरीची ओळखपत्रे अडकवलेली माणसे, यादी एका पानाची. ओट्यामागचा तरुण फिलिपिनो होता. मासा कुठला, असे विचारताच त्याने सांगितले की ट्यूना गोठवलेला आहे, बांगडा मात्र सकाळी आपण स्वतः शिरक्यात मुरवला. 'सगळे ताजे' असे सांगणाऱ्यापेक्षा हे उत्तर आम्हाला अधिक खात्रीचे वाटले. किंमत पहिल्या जागेच्या निम्म्याहून कमी होती.

अमेरिकेतल्या लास वेगासमध्येही हेच सूत्र दिसते. वर्षाला ४ कोटींच्या आसपास पाहुणे रिचवणारे ते वाळवंटी शहर. पण तिथले जाणकार खवय्ये जुगारगृहांच्या झगमगाटापासून दूर, स्प्रिंग माउंटन रोडवरच्या आशियाई वस्तीकडे वळतात. १९९५ मध्ये तिथे चायनाटाउन प्लाझा उभा राहिला आणि त्याच्या अवतीभवती दुकाने वाढत गेली. मोठ्या हॉटेलांतले आचारी आपली पाळी संपवून रात्री तिकडे जेवायला जातात. स्वयंपाकी जिथे स्वतःच्या पैशाने जेवतो, त्याहून भरवशाची शिफारस आम्हाला ठाऊक नाही.

यावर कोणी म्हणेल, फोनवर हजारो लोकांची मते मिळत असताना एवढा खटाटोप कशासाठी? पण ती मते देणारे बहुतेक आमच्यासारखेच एकदा येऊन गेलेले असतात. एकदाच आलेल्या हजारांची बेरीज केली तरी तिच्यातून एकही परत येणारा निर्माण होत नाही. खिडकीतून दिसणाऱ्या कारंज्याचे गुण जेवणाच्या खात्यात जमा होतात. मिशलिनने जून २०२२ मध्ये दुबईची पहिली यादी काढली. तिचे परीक्षक स्वतःची ओळख न देता जेवतात, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. परंतु त्या ताऱ्यांखालचे जेवण प्राध्यापकाच्या पगारात बसणारे नव्हे, आणि आमचा प्रश्न साध्या, रोजच्या चांगल्या जेवणाचा आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. जिथे जावे तिथले खावे, वाळवंटात सुशीचा हट्ट कशाला? जैसलमेरच्या बाबतीत आम्हाला हे शंभर टक्के मान्य आहे. केर आणि सांगरी वाळवून ठेवून तिथल्या माणसांनी दुष्काळात जगण्याची जी कला साधली, ती चाखण्याऐवजी तिथे पापलेट मागणे हा अडाणीपणा होय. पण दुबईत 'तिथले' म्हणजे काय? त्या शहराची बहुसंख्य वस्ती बाहेरून आलेल्यांची. करामातली मालवणी थाळी, देरातला इराणी कबाब आणि जपानी नोकरदारासाठी फिलिपिनो तरुणाने वळलेली सुशी, ही सारी तिथलीच अन्ने आहेत. मुंबईत घाटावरची भाकरी आणि कोकणातले कालवण जितके स्थानिक, तितकीच.

आमची खरी तक्रार आहे ती आपल्या सहलींच्या पद्धतीशी. सकाळी पोहे, दुपारी वरणभात, रात्री श्रीखंड अशी हमी देणाऱ्या सहलींनी असंख्य मराठी माणसांना परदेश दाखवला, वृद्धांना धीर दिला, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. परंतु बसमधून उतरून जेवण आणि जेवून पुन्हा बस, या क्रमात परक्या माणसाला 'हा मासा कुठला' असे विचारण्याचा प्रसंगच येत नाही. तो प्रश्न लालबागच्या बाजारात आपण कोळणीला बेधडक विचारतो. विमानात बसताच आपली ही पारख आपण घरी का ठेवून जातो?

आणि हे सारे केवळ दुबईपुरते नाही. गिरण्यांच्या जागी मॉल आणि मनोरे आले, तसा आमचा परिसरही हळूहळू एकदा येऊन जाणाऱ्यांचा होत चालला आहे. नव्या उपाहारगृहांना आमचा विरोध नाही; आमच्या विद्यार्थ्यांनी तिथे सुशी खावी, आवडीने खावी. मात्र ज्या दिवशी लालबाग-काळाचौकीतल्या उरल्यासुरल्या मालवणी खानावळींना शेजारच्या गिऱ्हाइकापेक्षा फोनवरचा तारा मोलाचा वाटू लागेल, त्या दिवशी इथेही कालवणाची चव कारंज्याच्या भरवशावर जाईल. तो दिवस लांबवणे आपल्या हाती आहे. त्यासाठी फार काही करावे लागत नाही: जिथे चांगले मिळाले तिथे पुन्हा जावे, आणि बिघडले तर दुकान न बदलता आधी तोंडावर सांगावे.