शिडी चावते!

गेल्या उन्हाळ्यांत लोणावळ्यास एका स्नेह्यांच्या बंगल्यावर आम्ही दोन दिवस पाहुणे होतों. आवारांत पोहण्याचा नवा हौद बांधलेला. मुलें सकाळपासून पाण्यांत. दुपारीं त्यांची आठ वर्षांची नात ओलेत्यानेंच आली आणि म्हणाली, "आजी, शिडी चावते गं!" आजीबाई हसल्या. स्नेही म्हणाले, "वायरमन म्हणालाच होता, पाण्यांत तेवढ्या झिणझिण्या यावयाच्याच." आम्हांला मात्र हसूं आलें नाहीं. आम्हीं आधीं घराचा मुख्य खटका बंद केला आणि मग मुलांना बाहेर काढलें.

संध्याकाळीं एक जाणता, परवानाधारक कारागीर आला तेव्हां उलगडा झाला. ओलाव्यानें पंपाच्या मोटारीचें आंतील वेष्टन बिघडून वीज तिच्या लोखंडी अंगावर उतरली होती, आणि जिच्या वाटे ती जमिनींत जावयाची ती अर्थिंगची हिरवी तार मुळीं जोडलेलीच नव्हती! पाण्यांत वीज, शिडीचे पाय जमिनींत. मधें त्या पोरीचा ओला हात.

स्नेह्यांनीं विचारलें, "मग खटका कां पडला नाहीं?" प्रश्न रास्त आहे, आणि पुष्कळ घरांतून याविषयीं गैरसमज आहे. पंपाचा खटका १६ अँपिअरचा, म्हणजे १६,००० मिलिअँपिअरचा. माणसाच्या छातींतून मात्र अवघा ३० मिलिअँपिअर प्रवाह कांहीं वेळ गेला तरी प्राणावर बेतूं शकतें. खटका हा तारेचा रखवालदार आहे. तार जळूं नये एवढेंच त्याचें काम.

माणसाच्या रक्षणासाठीं निराळें साधन लागतें. बर्कले येथील विद्यापीठांत विजेच्या धक्क्याचा अभ्यास करणारे प्रा. चार्ल्स डॅल्झिएल यांनीं १९६१ सालीं तें सिद्ध केलें, आणि १९६८ सालीं अमेरिकेच्या विद्युत्-नियमांनीं तें प्रथम सक्तीचें केलें तें हौदांतील दिव्यांसाठींच. आपल्याकडे त्याच तत्त्वावरील उपकरणास आर. सी. सी. बी. म्हणतात. गेलेली वीज आणि परतलेली वीज यांचा तें हिशेब ठेवतें. ३० मिलिअँपिअरची तूट आली कीं क्षणार्धांत प्रवाह तोडतें. किंमत पाहावी तर हौदाच्या फरशीच्या मानानें कांहींच नाहीं!

दुसरी गोष्ट कारागीरही विसरतात. तारेवर बसलेल्या कावळ्यास धक्का बसत नाहीं, कारण त्याचे दोन्ही पाय एकाच दाबावर असतात. म्हणून शिडी, कठडा, पंपाचें अंग, नळ आणि काँक्रीटमधील सळ्या हें सारें तांब्याच्या जाड तारेनें एकमेकांस जोडावें. हें काम हौद बांधतांनाच करणें सोपें. मागाहून फरशी उखडावी लागते.

आमच्या स्नेह्यांनीं पाण्यांतील दिवेही २३० व्होल्टांचे बसविले होते. ते १२ व्होल्टांचेच हवेत, आणि त्यांचा सुरक्षित जातीचा ट्रान्सफॉर्मर हौदापासून दूर, कोरड्या जागीं. प्लगची जागा कांठापासून दोन मीटरांच्या आंत नसावी. पुढें साडेतीन मीटरपर्यंत असल्यास ती आर. सी. सी. बी.च्या संरक्षणाखालीं असावी.

आणि पाण्यांत कुणी धक्क्यानें आखडलेला दिसला तर मायेपोटीं उडी घालूं नये. एकाचे दोन होतात. आधीं मुख्य खटका बंद, तोंवर फार तर कोरडा बांबू पुढें करावा.

आर. सी. सी. बी.वर परीक्षेचें एक बटण असतें. तें महिन्यांतून एकदां दाबावें. प्रवाह तुटला नाहीं तर तें यंत्र बदलावें. स्नेह्यांच्या घरीं हें काम विसरलें जात नाहीं. मासिकाचा अंक आला कीं नात आजोबांचा हात धरून त्यांना फलकापाशीं नेते, आणि दिवे गेले कीं टाळ्या वाजविते.